टायमर लावून थांबणे

शीघ्रपतनावर उपाय म्हणून अमेरिकन मूत्रविकारतज्ज्ञ जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये 'थांबा आणि पुन्हा सुरू करा' ही पद्धत मांडली. ती एकट्यालाही जमते. हस्तमैथुन करताना कळस जवळ आला की हात काढायचा, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा टायमर लावायचा आणि आवेग ओसरला की पुन्हा सुरुवात करायची. तीनदा थांबून चौथ्यांदा मोकळे व्हायचे, किंवा त्या दिवशी तसेच सोडून द्यायचे. टायमर वाजला तरी आवेग उतरला नसेल, तर आणखी थांबावे. वृषण जड वाटले तर घाबरू नये. दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवा.