जाळ्यांतील शोध : विषयसूची आणि शोधयंत्र

हल्लींच्या विद्यार्थ्यास एखादी गोष्ट शोधावयाची झाली म्हणजे तो मोबाइल हातीं घेऊन दोन शब्द लिहितो, आणि क्षणार्धांत उत्तरांची रांग त्याच्यापुढें उभी राहते. शोधणें म्हणजे एवढेंच, असा त्याचा समज झाला तर त्यांत नवल नाहीं. परंतु इंटरनेटच्या आरंभीच्या काळांत, विशेषतः १९९४ पासून पुढील पांचसहा वर्षांत, शोधण्याच्या दोन अगदीं भिन्न पद्धति शेजारींशेजारीं नांदत होत्या. एक विषयसूचीची व दुसरी शोधयंत्राची. या दोहोंत भेद काय होता, आणि त्या भेदामुळें आपल्या मराठी भाषेच्या वांट्यास काय आलें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सेमाडोहच्या मुलांस हा भेद समजावून देण्यासाठीं दूर जावयास नको. मेळघाटचें अरण्य १९७३-७४ सालीं व्याघ्रप्रकल्पांत आलें, हें त्यांना ठाऊकच आहे. वनखात्यानें कारभाराच्या सोयीसाठीं जंगल वांटून घेतलेलें असतें. विभागाच्या पोटांत परिक्षेत्रें, परिक्षेत्राच्या पोटांत वर्तुळें, आणि वर्तुळाच्या पोटांत नियतक्षेत्रें. एखादा पाणवठा कोठें आहे हें सांगावयाचें तर वनरक्षक हीं नांवें क्रमानें सांगतो, आणि ऐकणारा वरून खालीं उतरत नेमक्या जागीं पोंचतो. ही झाली विषयसूची. आतां अशी कल्पना करा कीं, सर्व वनरक्षकांच्या नोंदवह्या कोणीं एकत्र आणल्या, आणि त्यांत ‘अस्वल’ हा शब्द जेथें जेथें आला, त्या त्या वहीचा व पानाचा आंकडा एका कागदावर उतरून ठेविला. मग अस्वलाची चौकशी करणारास परिक्षेत्र किंवा वर्तुळ माहीत असण्याची गरज उरत नाहीं. हें झालें शोधयंत्र. पहिल्या प्रकारांत कोणा तरी मनुष्यानें आधीं विचार करून प्रत्येक वस्तूस जागा नेमून दिलेली असते. दुसऱ्या प्रकारांत जागा नेमलेली नसते; केवळ शब्दांची नोंद असते.

या दोन्ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुन्या आहेत. इंग्लंडांत अलेक्झांडर क्रूडन यानें १७३७ सालीं इंग्रजी बायबलाचा शब्दनिर्देशकोश प्रसिद्ध केला. कोणता शब्द कोणत्या अध्यायांत व कोणत्या वचनांत आला आहे, हें त्यांत अक्षरानुक्रमानें दिलें आहे. एका मनुष्यानें हातानें केलेलें तें शोधयंत्रच होय. उलट आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनीं ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. १८०० ते १९३७ पर्यंत छापलेले मराठी ग्रंथ त्यांनीं धुंडाळले आणि विषयवार लावून दिले. ती विषयसूची. क्रूडनला शब्द मोजावे लागले; दात्यांना प्रत्येक ग्रंथ काय सांगतो हें ठरवावें लागलें. श्रम दोघांचेहि अफाट, पण जात निराळी.

आतां जाळ्याकडे वळूं. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं ‘वर्ल्ड वाइड वेब’ची योजना मांडली, आणि १९९१ सालीं ती जगास खुली झाली. प्रारंभीं पानें इतकीं थोडीं होतीं कीं, नव्या ठिकाणांची यादी हातानें ठेवणें शक्य होतें, आणि तशी ती ठेवलीहि जाई. पुढें १९९४ च्या जानेवारींत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरी यांग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनीं आपणांस आवडलेल्या स्थळांची यादी लिहावयास घेतली. यादी लांबली तेव्हां तिचे भाग पाडले, भागांचे पोटभाग केले. आणि त्याच वर्षीं तिला ‘याहू’ हें नांव दिलें. पुढच्या वर्षीं त्याची कंपनी झाली.

याहूच्या पहिल्या पानावर चौदा मुख्य विषय असत. कला, व्यापार, शिक्षण, आरोग्य, विज्ञान, समाज, प्रदेश वगैरे. वाचक एकावर बोट ठेवी, कीं त्याच्या पोटांतील विषय उघडत. भारताची माहिती हवी असेल तर प्रदेश, मग देश, मग भारत, मग राज्य, असें उतरत जावें लागे. नवें स्थळ काढणारा मनुष्य आपली नोंद व्हावी म्हणून अर्ज करी. मग याहूचा एक पगारी संपादक तें स्थळ स्वतः उघडून वाची आणि कोणत्या कप्प्यांत ठेवावें हें ठरवी. अयोग्य वाटल्यास नाकारीहि. जें स्थळ विशेष चांगलें वाटे त्याच्यापुढें काळ्या चष्म्याचें चित्र काढीत. हा चष्मा म्हणजे मनुष्याच्या पसंतीची उघड खूण होती, आणि मला तरी ती प्रामाणिक वाटते. ‘आम्हांला हें आवडलें’ असें सूची स्पष्ट सांगत होती.

पण कप्प्यांची पद्धति म्हटली कीं एक अडचण आलीच. मेळघाटच्या वाघांविषयीं एखादें पान असेल तर तें प्राणिशास्त्रांत ठेवावें, प्रवासांत ठेवावें, कीं महाराष्ट्रांत? ग्रंथपालांना ही अडचण फार जुनी. याहूनें त्यावर उपाय केला तो असा कीं, पान एकाच ठिकाणीं ठेवावें, व इतर ठिकाणीं त्या कप्प्याचें नांव लिहून पुढें एक लहानसें चिन्ह द्यावें. म्हणजे ‘हा विषय वस्तुतः दुसरीकडे आहे, तिकडे चला’ असा त्याचा अर्थ. उपाय चांगला, तथापि दुसरी अडचण त्यानें सुटली नाहीं. जाळें रोज वाढत होतें, आणि संपादकांच्या दिवसाचे तास चोवीसच राहिले. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहूं लागले. १९९८ सालीं ‘ओपन डिरेक्टरी’ नांवाची दुसरी सूची निघाली. तिनें पगारी माणसांऐवजीं हजारों स्वयंसेवकांस संपादक केलें. कांहीं काळ तिची चलती होती.

इकडे यंत्रांची पद्धति निराळ्याच वाटेनें वाढत होती. १९९० सालीं कॅनडांतील मॅक्‌गिल विद्यापीठांत ॲलन एम्टेज यांनीं ‘आर्ची’ हें साधन केलें. तें फक्त फायलींचीं नांवें शोधी. आंत काय लिहिलें आहे याचा त्याला पत्ता नसे. पुस्तकांच्या पाठीवरील नांवें तेवढीं वाचावीं, तसें. १९९३ च्या अखेरीस स्कॉटलंडांत जोनाथन फ्लेचर यांनीं ‘जंपस्टेशन’ केलें. तें पानांचीं शीर्षकें व मथळे पाही. १९९४ च्या एप्रिलांत वॉशिंग्टन विद्यापीठांत ब्रायन पिंकर्टन यांचा ‘वेबक्रॉलर’ सुरू झाला, आणि येथें मोठी पायरी ओलांडली गेली, कारण तो पानांतील सगळा मजकूर वाची. आरंभीं त्याच्याजवळ चार हजारांहून किंचित् अधिक स्थळांचींच पानें होतीं. त्याच वर्षीं ‘लायकॉस’ निघालें. हें नांव लांडगा-कोळी म्हणविणाऱ्या कोळ्याच्या जातीच्या शास्त्रीय नांवावरून घेतलें आहे. तो जाळें विणून स्वस्थ न बसतां हिंडून भक्ष्य धरतो. १९९५ च्या डिसेंबरांत डिजिटल या कंपनीनें ‘अल्टाव्हिस्टा’ लोकांस खुलें केलें. त्याच्या नोंदींत दीड कोटींहून अधिक पानें होतीं.

या यंत्राचें काम कसें चालतें हें पाहणें मनोरंजक आहे. ‘कोळी’ नांवाचा कार्यक्रम एक पान उघडतो, तें वाचतो, त्यांत दुसऱ्या पानांकडे नेणारे जे दुवे असतील ते टिपून घेतो, आणि त्या वाटेनें पुढें जातो. वाचलेल्या पानांवरून उलटी सूची तयार होते. समजा, पहिल्या पानावर ‘वाघ नदीवर आला’ असें आहे, दुसऱ्यावर ‘नदीवर पूल आहे’, आणि तिसऱ्यावर ‘वाघ पूल ओलांडतो’. सूचींत लिहिलें जातें : वाघ, पान १ व ३, नदीवर, पान १ व २, पूल, पान २ व ३. आतां कोणीं ‘वाघ’ व ‘पूल’ हे दोन शब्द एकदम दिले, तर यंत्र दोन्ही ओळी ताडून पाहतें. दोहोंत असलेला आंकडा ३, म्हणून तिसरें पान पुढें करतें. वाघ म्हणजे काय, पूल म्हणजे काय, हें त्याला ठाऊक असण्याचें कारण नाहीं. सर्व जाळें त्या क्षणीं धुंडाळलें जातें अशी पुष्कळांची समजूत असते, तसें नव्हे. धुंडाळण्याचें काम आधींच होऊन गेलेलें असतें. जें कोळ्यानें पाहिलें नाहीं, तें यंत्राच्या लेखीं नाहींच.

याचे गुण उघड आहेत. संपादक पोंचणार नाहीं तेथें कोळी पोंचतो, आणि ज्या बारीकशा गोष्टीस सूचींत कप्पा नाहीं तीहि सांपडते. पण हजार पानें सांपडलीं तर आधीं कोणतें दाखवावें? आरंभीचीं यंत्रें, शब्द किती वेळां व कोठें आला, यावर बराच भर देत. धूर्त दुकानदारांनीं हें ओळखलें, आणि आपल्या पानावर एकच शब्द शेंकडों वेळां, तोहि पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, लिहून ठेविला. वाचकास तो दिसत नसे. कोळी मात्र इमानानें मोजी.

हिंदुस्थानांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सामान्य लोकांसाठीं इंटरनेट सुरू केलें. त्याच्याहि आधीं, त्याच वर्षाच्या मार्चांत, मुंबईचे राजेश जैन यांनीं ‘इंडियावर्ल्ड’ हें स्थळ काढलें होतें. परदेशीं राहणाऱ्या भारतीयांस मायदेशाची वार्ता मिळावी हा त्याचा मुख्य उद्देश. त्याच्याच परिवारांत बातम्यांसाठीं ‘समाचार’, क्रिकेटसाठीं ‘खेल’, पाककृतींसाठीं ‘बावर्ची’, आणि भारतविषयक स्थळें शोधण्यासाठीं ‘खोज’ अशीं स्थळें झालीं. स्वतंत्र ‘खोज’ची गरज कां पडावी, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. अमेरिकेंतील सूचींत भारत हा प्रदेशाच्या पोटांतील देशांपैकीं एक कप्पा; येथील मनुष्यास मात्र तें सगळें घरच. घराची मांडणी घरच्या मनुष्यानें करावी हेंच सोयीचें. १९९९ च्या नोव्हेंबरांत सत्यम इन्फोवे या कंपनीनें हा सर्व परिवार ४९९ कोटि रुपयांस घेण्याचा करार केला, तेव्हां वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली.

आतां मराठीकडे येऊं. माझ्या मतें या विषयाचा गाभा येथेंच आहे. त्या काळीं मराठी मजकूर जाळ्यावर दिसे, पण तो पुष्कळदां खऱ्या अर्थानें मराठी नसे. संगणकाच्या पोटांत रोमन अक्षरांचेच आंकडे असत, आणि एक विशिष्ट फाँट त्या आंकड्यांस देवनागरीचा मुखवटा चढवी. फाँट उतरवून घेतला तर बातमी वाचतां येई. नाहीं तर ओळींच्या ओळी निरर्थक रोमन अक्षरें दिसत. शिवाय प्रत्येक फाँटाचे आंकडे निराळे. कोळ्यास मुखवटा दिसत नाहीं, त्यास आंतील आंकडेच दिसतात. म्हणून तो अशा पानावर येई, निरर्थक अक्षरें टिपून घेई आणि निघून जाई. ‘पाऊस’ या शब्दाचा शोध करणारास पावसाची बातमी सांपडणें अशक्य. यंत्राच्या लेखीं मराठी पानें होतीं आणि नव्हतीं, दोन्ही सारखेंच.

विषयसूचीचें तसें नव्हतें. मराठी जाणणारा एखादा संपादक ते पान डोळ्यांनीं वाची आणि ‘मराठी वृत्तपत्रें’ अशा कप्प्यांत नांव लिही. म्हणजे ज्या पद्धतीस लोक मंद व जुनाट म्हणत होते, तिच्याच आधारानें मराठी वाचक कांहीं वर्षें आपल्या भाषेंतील स्थळांपर्यंत पोंचत होता. देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास ठरलेला आंकडा देणारें युनिकोड १९९१ सालींच सिद्ध होतें. भारतीय लिप्यांसाठीं इस्की नांवाचें प्रमाणहि त्याच वर्षीं ठरलें. पण घरोघरच्या संगणकांत युनिकोडाची देवनागरी उमटूं लागण्यास विंडोज २००० व त्यापुढील आवृत्त्या यावयाच्या होत्या. २००३ सालीं मराठी विकिपीडिया सुरू झाला, तो या नव्या पायावर.

लिपीचा प्रश्न सुटला तरी व्याकरणाचा राहतो. अक्षरास अक्षर जुळविणाऱ्या यंत्रास ‘पाणी’ दिलें तर ‘पाण्यांत’ व ‘पाण्याला’ हीं रूपें तें सोडून देतें, कारण आपल्या भाषेंत विभक्ति लागतांना शब्दाचें अंगच बदलतें. इंग्रजीस हा त्रास थोडा. अल्टाव्हिस्टांत शब्दाच्या शेवटीं तारा लिहिला कीं पुढचीं रूपें मिळत. ‘पाणी’ला तारा लावून उपयोग नाहीं, ‘पाण्या’ला लावावा लागेल. त्यांत १९६२ च्या शुद्धलेखननियमांनीं पुष्कळ अनुस्वार गेले; म्हणून ‘नाव’ शोधणारास ‘नांव’ मिळत नाहीं, आणि प्रस्तुत लेखकासारख्या जुन्या वळणाच्या मनुष्याचा लेख अशा यंत्रास बहुधा दिसणारच नाहीं! अलीकडचीं यंत्रें यांपैकीं बरेंच सांवरून घेतात.

दोन्ही पद्धतींचा समेट झाला तोहि स्टॅनफर्डलाच. लॅरी पेज व सर्गे ब्रिन या विद्यार्थ्यांनीं असा विचार केला कीं, एका पानानें दुसऱ्याकडे दुवा देणें म्हणजे त्या पानाच्या लेखकानें दिलेली शिफारसच होय. आणि ज्याची शिफारस मोठे करतात, त्याची शिफारस अधिक वजनाची. त्यांच्या गूगल या यंत्रानें १९९८ पासून हीं मतें मोजून पानांचा क्रम लावला. संपादकाचा निर्णय त्यानें टाकून दिला नाहीं. तो असंख्य अनोळखी माणसांकडून गोळा केला. याहूसुद्धां आपल्या सूचींत न सांपडलेल्या शब्दासाठीं वाचकास दुसऱ्यांच्या यंत्राकडे पाठवी, आणि २००० सालीं हें काम तिनें गूगलकडे दिलें. पुढें अल्टाव्हिस्टा २०१३ सालीं, याहूची विषयसूची २०१४ च्या अखेरीस, आणि ओपन डिरेक्टरी २०१७ सालीं बंद झाली.

सूची गेली तरी तिचा प्रश्न गेला नाहीं. आमच्या गांवाजवळून वाहणारी सिपना घ्या. सिपना म्हणजे साग, असें कोरकू मंडळी सांगतात. कोरकू ही मुंडा कुळांतील भाषा, मराठीशीं तिचें रक्ताचें नातें नाहीं. आणि ती बोलली जाते त्या मानानें लिहिलेली फारच थोडी. आरंभीच्या यंत्रास ‘साग’ विचारला असता तर सिपना कधींच पुढें आली नसती, कारण दोन्ही शब्दांत एकहि पान सामाइक नव्हतें. सूचीच्या संपादकासहि ती नदी भूगोलाच्या कप्प्यांत ठेवण्यापलीकडे कांहीं सुचलें नसतें. नदीच्या नांवांतील झाड ओळखावयास दोन्ही भाषा येणारें कोणी तरी लागतें, आणि त्यानें तें लिहूनहि ठेवावें लागतें. आमच्या वर्गांत अशीं मुलें पुष्कळ आहेत.