यंत्रातील खरखर : दोष कोणाचा?

सभेतला कर्णा खरखरू लागला की सगळ्यांच्या माना मेकॅनिककडे वळतात. कारखान्यात तयार झालेला रेडिओ खरखरला, तर ठपका जोडणी करणाऱ्या कामगारावर येतो. माझे आयुष्य कामगारांच्या तक्रारी चालवण्यात गेले; विज्ञान शिकलो ते पुस्तकांतून. आरोप ठेवण्यापूर्वी पुरावा पाहावा, ही जुनी सवय मी येथेही सोडणार नाही.

खरखरीचे दोन वर्ग आहेत. पहिला बाहेरचा. घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. ती नको त्या तारेत शिरली म्हणजे एकसारखा घुमारा ऐकू येतो. शेजारची मोटार ठिणग्या टाकते, आकाशात वीज चमकते, तेव्हा कडकड उमटते. सोल्डरचा कच्चा डाख किंवा गंजलेला जोड हाही असाच तुटक बोलतो. तारेला धातूच्या जाळीचे वेष्टन, नीट अर्थिंग आणि पक्का डाख हे यावरचे इलाज. येथे कारागिराची जबाबदारी आहे आणि ती त्याने झटकू नये.

दुसरा वर्ग वस्तूच्या अंगचाच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी विजेला अडवणाऱ्या रोधकांचा आवाज मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले; दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. उष्णतेमुळे धातूतील इलेक्ट्रॉन अखंड धडपडत असतात आणि त्यातून सळसळ निघते. दहा हजार ओहमचा रोधक २७ अंश सेल्सिअस तपमानात ठेवला, तर दहा हजार आवर्तनांच्या पट्ट्यात सुमारे १.३ मायक्रोव्होल्ट दाब आपोआप निर्माण होतो. त्याला बॅटरीही लागत नाही! ही सळसळ कोणताही कारागीर पुसू शकत नाही.

तिची दोन भावंडेही आहेत. प्रवाह हा पाण्यासारखा अखंड नसून सुट्या इलेक्ट्रॉनांचा असतो. पत्र्यावर पाऊस पडावा तसे ते निर्वात नळीत किंवा डायोडमध्ये टपटपतात. हे शॉटकी यांनी १९१८ साली दाखवले. दुसरे भावंड खालच्या सुरांत अधिक जोर धरते आणि मालाच्या गुणावर अवलंबून राहते. कार्बन दाबून केलेल्या रोधकात ते जास्त, धातूच्या पातळ थराच्या रोधकात कमी. म्हणजे येथे जाब विचारायचा तो माल निवडणाऱ्याला!

आवाज वाढवून यातले काहीच सुटत नाही, कारण बोलण्याबरोबर खरखरही तितकीच वाढते. म्हणून ॲम्प्लिफायरची पहिली पायरी शांत हवी. तेथे शिरलेली खरखर पुढच्या सर्व पायऱ्या मोठी करीत नेतात.

तपास कसा करावा याचा धडा पेन्झियास आणि विल्सन यांनी घालून दिला. १९६४ साली न्यू जर्सीतील होमडेल येथे त्यांच्या ॲन्टेनात एक सळसळ काही केल्या थांबेना. त्यांनी सांधे तपासले, आत बसलेल्या कबुतरांची विष्ठासुद्धा धुऊन काढली. तरीही उरली ती विश्वाच्या आरंभकाळातील उष्णतेची खूण ठरली. १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा खरखर आधी मोजावी आणि निसर्गाचा हिशेब त्यातून वजा करावा. बाकी काही उरले, तर डाख, तार आणि माल तपासावा. बाकी शून्य आली, तर त्या कामगाराचा पगार कापण्याचा अधिकार कोणालाही नाही.