बोटं दुखतात, पण नेमकं कुठं?

काम आणि काया : लेखांक 7

गेल्या आठवड्यात मनगटाशी थांबलो होतो, आज बोटांकडे वळू. बोटांना काय काय सोसावं लागतं ते पाहायचं तर मढच्या कोळीवाड्यात जावं. डोल जाळ्यातले बोंबील, जवळा, करंदी किनाऱ्याला लागली की पुढचं बरंचसं काम बायकांच्या हातात येतं. बर्फातलं म्हावरं निवडायचं, कोळंबी सोलायची, बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या वाळवायला वलांडीवर टाकायच्या. अंगठा आणि तर्जनीची चिमूट तासन्‌तास सुटत नाही.

या चिमटीचं गणित कूनी आणि चाओ या संशोधकांनी 1977 मध्ये मांडलं. अंगठ्याच्या टोकाने एक किलोचा जोर लावला, तर त्याच्या बुडाशी, मनगटालगतच्या सांध्यावर सुमारे 12 किलोंचा भार पडतो. कोळंबीचं डोकं मोडायला जोर तो कितीसा, पण बुडाशी तो बारापट होतो आणि दिवसभर होत राहतो. डबा उघडताना, किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते ती यामुळेच.

एका हाताच्या बोटांत या बुडाच्या सांध्याशिवाय 14 सांधे आहेत. त्यांतला कुठला दुखतो आणि दिवसाच्या कुठल्या वेळी, एवढं नीट सांगता आलं तरी निदानाचा बराच रस्ता कापला जातो. ‘वात आहे’ म्हणून सगळ्यांना एकच तेल चोळत बसलं, की हा रस्ता बंद होतो.

नखाजवळचे सांधे दुखत असतील, तिथे टणक गाठी आल्या असतील, तर ती बहुधा झीज असते. या गाठींचं वर्णन इंग्लंडच्या विल्यम हेबरडेन यांनी केलं. त्यांच्या मृत्यूनंतर, 1802 मध्ये, ते छापलं गेलं आणि गाठींना त्यांचंच नाव पडलं. पाळी जाण्याच्या वयाच्या आसपास त्या बायकांमध्ये जास्त दिसतात आणि अनेकदा आई-मावशीच्या बोटांवरही असतात. सकाळची अकड अर्ध्या तासात सुटते, दुखणं कामानंतर वाढतं. गाठ जात नाही, पण ठणका बरेचदा पुढे ओसरतो.

मुठीचे किंवा बोटांचे मधले सांधे दोन्ही हातांत सुजले, सूज दाबल्यावर मऊ लागली आणि सकाळी तासभर मूठच वळली नाही, तर आमवाताची शंका घ्यावी. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये भिगवणला 4,092 प्रौढांची पाहणी केली. शंभरात साधारण 18 जणांना हाडा-सांध्यांची तक्रार होती, पण आमवात निघाला दोनशेत एखाद्याला. दुखणाऱ्या बहुतेकांना तो नसतो, हा दिलासा. मात्र ज्याला असतो, त्याचे सांधे उपचाराविना कायमचे वाकडे होऊ शकतात. सूज सहा आठवडे टिकली तर संधिवाततज्ज्ञांना गाठावंच. आमवातावर नेहमी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यास ते जिवावर बेतू शकतं.

बोट वाकून अडकतं आणि टक्‌कन सुटतं, तेव्हा दोष सांध्याचा नसून स्नायुबंधाचा असतो. मधुमेह्यांना हा त्रास अधिक. तापानंतर सांधे धरले असतील तर चिकुनगुनिया आठवावा. बार्शीला 1973 मध्ये त्याची साथ आली होती, 2006 मध्ये राज्याने तो पुन्हा अनुभवला. तापानंतरही ही सांधेदुखी कित्येक महिने रेंगाळू शकते. बर्फात हात घातल्यावर बोटं पांढरीफटक पडत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावं.

मासळीच्या धंद्यात आणखी एक कारण असतं आणि ते हमखास निसटतं. काटा टोचतो, जखम भरते, आपण विसरतो. मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तेच एक बोट लाल-जांभळं होऊन सुजतं. मासळीवरचे काही जंतू जखमेतून आत शिरतात, त्यातले काही फार संथ वाढतात. त्यांना त्यांचंच औषध लागतं. त्यामुळे एकच बोट सुजलं असेल तर डॉक्टरांनी विचारण्याआधी काट्याचं सांगावं.

झिजेवर उपाय काय? ‘काम बंद करा’ हा सल्ला पोटावर पाय देणारा आहे, पकड बदलणं मात्र जमण्याजोगं आहे. कोयत्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करावी. जाड मुठीला बोटं कमी आवळावी लागतात. सोलणं, निवडणं, वाळत घालणं आळीपाळीने करावं. रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालावेत. काम संपल्यावर दहा मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवून मूठ सावकाश उघडावी-मिटावी. अंगठ्याला आधारपट्टीने आराम पडतो, डायक्लोफेनॅकचं मलमही उपयोगी पडतं. वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने महिनोन्‌महिने घेऊ नयेत. मूत्रपिंड आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात. ‘एका दिवसात आराम’ देणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते.

बोटं मोडल्याने संधिवात होतो का, असं अनेकजण विचारतात. अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड अंगर साठ वर्षांहून अधिक काळ एकाच हाताची बोटं मोडत राहिले. दोन्ही हातांत फरक पडला नाही. या चिकाटीबद्दल त्यांना 2009 मध्ये गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण बोटं मोडणाऱ्या नातवंडांना ओरडायचंच असेल तर दुसरं कारण शोधावं लागेल.

पुढच्या आठवड्यात : तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांचे गुडघे.