छळाच्या काळातले संत (भाग ६) : निकोलस ओवेन, लपणं बांधणारा सुतार

गेल्या आठवड्यात आपण यॉर्कच्या मार्गारेट क्लिथरोपाशी थांबलो होतो. खाटकाची बायको, घर-दुकान सांभाळणारी बाई. धर्मगुरूंना थारा दिल्याच्या आरोपाला तिने न्यायालयात उत्तरच दिलं नाही, म्हणून २५ मार्च १५८६ रोजी अंगावर दाराची फळी टाकून आणि तिच्यावर वजनं रचून तिला चिरडून मारलं. तिच्या गोष्टीतला एक तपशील मी मुद्दाम आजच्यासाठी राखून ठेवला होता. मिस्सा जिथे होत असे ती आतली खोली शिपायांना सापडली ती झडतीच्या हुशारीने नव्हे. घरातल्या एका मुलाला धमकावलं, तो घाबरला आणि त्याने वाट दाखवली. त्या मुलाला दोष देण्याचं कारण नाही. पण ज्या जागेवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत ती जागा घरातल्या लहानथोरांना ठाऊक असली, तर ती जागा लपलेली नसतेच.

हे ज्याला पुरतं कळलं होतं असा एक माणूस त्याच सुमारास कामाला लागला. तो धर्मगुरू नव्हता, पंडित नव्हता, त्याने एकही ग्रंथ लिहिला नाही. ऑक्सफर्डमधल्या वॉल्टर ओवेन नावाच्या सुताराचा तो मुलगा, निकोलस. अंगाने इतका ठेंगणा की जवळची माणसं त्याला ‘लिटल जॉन’ म्हणत. पुढे एक घोडा अंगावर कोसळून त्याचा पाय मोडला, तो नीट सांधला गेला नाही आणि चाल लंगडी झाली. ओवेनच्या घरातले दोन भाऊ धर्मगुरू झाले, एक भाऊ चोरून कॅथलिक पुस्तकं छापायचा, आणि निकोलस सुतारकाम शिकला.

त्या वेळचा इंग्लंडचा कायदा डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्याच्या कामाचं मोल कळणार नाही. १५८१ पासून सरकारी चर्चमध्ये उपासनेला न जाणाऱ्याला महिना वीस पौंड दंड होता. बऱ्या स्थितीतली घराणीसुद्धा त्याखाली खचत. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेला कॅथलिक धर्मगुरू देशात सापडला की तो राजद्रोही ठरू लागला. राजद्रोह्याला फासावर लटकवायचं, जीव जाण्याआधी खाली उतरवायचं, आतडी काढायची आणि देहाचे चार तुकडे करायचे. त्याला आसरा देणाऱ्यालाही मरणाचीच शिक्षा. पण धर्मगुरूवाचून मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला अंतकाळचा संस्कार नाही. म्हणजे कॅथलिक राहायचं तर घरात राजद्रोही ठेवावा लागे.

ही वेळ एका बाजूच्या दुष्टपणाने आली असं मात्र मी लिहिणार नाही. तेव्हाची प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथ हिच्या आधी राज्य केलेल्या कॅथलिक मेरी राणीने २८० च्या आसपास प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं होतं, आणि त्या चितांची धग लोकांच्या आठवणीत ताजी होती. १५७० मध्ये पोप पाचवे पायस यांनी एलिझाबेथला बहिष्कृत करून प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळं केलं, तेव्हा साध्या भाविकांची कुचंबणा कैक पटींनी वाढली. १५८८ मध्ये स्पेनचं आरमार चालून आलं. रोममध्ये घेतलेल्या निर्णयांची किंमत यॉर्कच्या खाटकिणीने आणि ऑक्सफर्डच्या सुताराने मोजली.

मराठी वाचकाला याच इंग्लंडची एक ओळख आधीपासून आहे, फक्त ती आपण या बाजूने पाहत नाही. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स याच काळातले, विल्टशरचे. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड धर्मापायी तुरुंगात पडले आणि आयुष्याची जवळपास तीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या कोठड्यांत काढली. स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरले. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या त्यांच्या पुराणात मराठीची थोरवी इतक्या प्रेमाने गायिलेली आहे की ते वाचताना त्यांची मायभूमी त्यांना बंद झाली होती हे आपण विसरून जातो. आणि ज्या गोव्यात ते आले तिथे १५६० पासून इन्क्विझिशन चालू होतं. तिथे चौकशीच्या आसनावर कॅथलिक बसले होते. छळ सोसणाऱ्यांवर लेखमाला लिहिताना हे वाक्य गाळून पुढे जाणं मला जमणार नाही.

आता निकोलसकडे येऊ. १५८८ च्या सुमारास तो इंग्लंडमधल्या जेझुइटांचे प्रमुख फादर हेन्री गार्नेट यांच्यासोबत फिरू लागला आणि पुढची अठरा वर्षं फिरत राहिला. एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जायचं. दिवसा सगळ्यांच्या देखत एखादं दार दुरुस्त करायचं, फळ्या रंधायच्या, म्हणजे घरात सुतार का आलाय असा प्रश्न नोकरचाकरांना पडू नये. रात्री घर झोपलं की खरं काम सुरू. आणि ते काम एकट्याने, कारण मदतनीस घेतला की गुपिताला दुसरा मालक झाला. विटा काढणं, दगड फोडणं, माती उपसणं, तुळया बसवणं, सगळं त्या मोडक्या पायाच्या, ठेंगण्या माणसाने अंधारात, आवाज न करता केलं. लपण कुठे आहे हे त्याला आणि घरधन्याला ठाऊक. त्याच्या सहवासात राहिलेल्या जेझुइटांनी नोंदवून ठेवलं आहे की नवं लपण सुरू करण्याआधी तो ख्रिस्तप्रसाद घेई आणि काम करताना प्रार्थना करत असे.

झडतीला येणारे शिपाईही कच्चे नव्हते. ते पहाटे घराला वेढा घालत आणि आठवडाभरसुद्धा मुक्काम ठोकत. भिंतीची बाहेरून आणि आतून मापं घेऊन कुठे जाडी जास्त भरते ते पाहत, तक्तपोशी ठोकून पोकळ आवाज ऐकत, फरशा उखडत. म्हणून निकोलस लपण सहसा सरळ भिंतीमागे ठेवत नसे. ते दोन मजल्यांच्या मधल्या जाडीत असे, जिन्याच्या पायरीखाली, धुराड्याच्या बगलेत, किंवा संडासाच्या मोरीत, जिथे हात घालायला शिपाई कचरेल. कधी एका लपणाच्या आत दुसरं, म्हणजे पहिलं सापडलं की शोधणाऱ्याने समाधानाने निघून जावं. शेजारच्या खोलीतून बारीक नळी आत सोडून पेज किंवा सूप पाजण्याची सोय कुठे केलेली असे. एका घरातली युक्ती कळल्याने दुसरं घर धोक्यात येऊ नये, म्हणून प्रत्येक ठिकाणी रचना निराळी.

वूस्टरशरमधल्या हार्विंग्टन हॉलमध्ये एका खोलीत भिंतीतल्या लाकडी खांबांपैकी एक खांब वरच्या बाजूला कण्यावर बसवलेला आहे. खालून दाबला की तो झुलतो आणि मागे माणूस कसाबसा शिरेल एवढी फट उघडते. आतून अडसर घातला की तो पुन्हा इतर खांबांसारखा, भार पेलणारा, निमूट खांब. तीनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ती जागा उजेडात आली. ओवेनने अर्थातच कुठे नाव कोरलं नाही, पण ही करामत त्याच्याच हातची मानली जाते.

या लपणांच्या आत माणसाचं काय होई हे फादर जॉन जेरार्ड यांच्या आत्मवृत्तामुळे आपल्याला कळतं. १५९४ चा ईस्टर सोमवार, एसेक्समधला ब्रॅडॉक्स नावाचा वाडा, वाइजमन कुटुंबाचा. घरातला एक नोकर फितूर झाला होता. मिस्साची तयारी चालू असतानाच दारावर थाप पडली. वेदीवरचं सगळं सामान गोळा करून जेरार्ड लपणात शिरले. ते लपण प्रार्थनेच्या खोलीतल्या शेकोटीखाली होतं. शेकोटीचा तळ म्हणजे लाकडावर बसवलेल्या विटा, आणि त्यांच्याखाली माणूस. घरधनीणबाईंनी घाईघाईत एक-दोन बिस्किटं आणि थोडा मुरांबा हाती दिला होता. त्यावर चार दिवस काढायचे होते.

शिपायांनी गिलावे फोडले, मापं घेतली, काही मिळालं नाही. रात्री पहाऱ्यावर ठेवलेल्या दोघांना थंडी वाजू लागली आणि त्यांनी नेमकी त्याच शेकोटीत आग पेटवली. उष्णतेने लाकूड तापलं, विटा हलल्या, निखारे खाली पडू लागले. वर दोघं बोलत होते : या विटा सैल कशा, खाली लाकूड कसं? खाली जेरार्ड प्रत्येक शब्द ऐकत होते. सकाळी नीट पाहू, असं त्या दोघांनी ठरवलं. सकाळी त्यांना विसर पडला की शोधाचा रोख दुसरीकडे वळला कोण जाणे, पण ती शेकोटी कुणी उकलली नाही. चौथ्या दिवशी शिपाई गेले आणि भुकेने, जागरणाने पाय न टेकणारे जेरार्ड बाहेर आले.

त्याआधी १५९१ च्या ऑक्टोबरात वॉरिकशरमधल्या बॅडस्ली क्लिंटन या वाड्यावर पहाटे छापा पडला, तेव्हा गार्नेट, जेरार्ड, कवी-धर्मगुरू रॉबर्ट साउथवेल आणि इतर काही जण जमिनीखालच्या जुन्या मोरीत घोट्याएवढ्या पाण्यात चार तास उभे होते. त्या एका दिवशी मोरी उघडली असती तर इंग्लंडमधल्या जेझुइटांचं जवळजवळ सगळं नेतृत्वच हाती लागलं असतं.

ब्रॅडॉक्सच्या छाप्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच फितुरामुळे जेरार्ड आणि निकोलस दोघेही लंडनमध्ये पकडले गेले. रिचर्ड टॉपक्लिफ हा छळ करण्यात नाव कमावलेला अधिकारी. त्याने निकोलसला मनगटांनी टांगून तासन्‌तास ठेवलं. निकोलस काही बोलला नाही. समोरचा माणूस कोण आहे हे टॉपक्लिफला ठाऊक नव्हतं, साधा नोकर समजून पैसे घेऊन त्याला सोडलं गेलं. जेरार्ड मात्र आत राहिले आणि पुढे टॉवर ऑफ लंडनमध्ये गेले. तिथून ते संत्र्याच्या रसाने चिठ्ठ्या लिहीत. त्या रसाने लिहिलेलं ऊब दिली की उमटतं आणि एकदा उमटलं की तसंच राहतं. त्यामुळे चिठ्ठी वाटेत कुणी वाचली का ते लगेच कळायचं. १५९७ च्या ऑक्टोबरात एका रात्री ते खंदकावर ताणलेल्या दोरावरून उतरून निसटले. छळाने हात अजून बधिर होते, दोर धड धरवत नव्हता. बाहेर पडल्यावर घोडे घेऊन वाट पाहत थांबला होता तो निकोलसच.

काही कॅथलिक तरुणांनी पार्लमेंट राजासकट उडवून देण्याचा कट रचला आणि नोव्हेंबर १६०५ मध्ये तो फसला. फादर गार्नेट यांना त्याची कुणकुण पापनिवेदनाच्या मार्गे लागली होती, ती त्यांनी उघड केली नाही; त्यावर इतिहासकारांचा वाद अजून संपलेला नाही. देशभर धरपकड सुरू झाली. १६०६ च्या जानेवारीत सर हेन्री ब्रॉम्ली शंभरेक माणसं घेऊन वूस्टरशरमधल्या हिंडलिप वाड्यावर आले. वाडा थॉमस हॅबिंग्टन यांचा, आणि लपणांनी भरलेला. आत चार माणसं होती : एका लपणात गार्नेट आणि फादर एडवर्ड ओल्डकॉर्न, दुसऱ्यात निकोलस आणि राल्फ ॲशली हा साहाय्यक ब्रदर.

छापा अवचित पडला, त्यामुळे निकोलसच्या लपणात खायला काहीच नव्हतं. दोघांत मिळून एक सफरचंद. चौथ्या दिवशी दोघे आपणहून बाहेर आले. भुकेने आले असतील. पण त्यांच्या सोबत्यांचा समज वेगळा होता, आणि मला तो पटतो : आपल्याला धर्मगुरू समजून शिपाई निघून जातील आणि आतले दोघे वाचतील, या आशेने ते आले. शिपाई गेले नाहीत. गार्नेट आणि ओल्डकॉर्न आठवडाभर टिकले, कारण त्यांच्या लपणात शेजारच्या खोलीतून बोरूच्या नळीने गरम पेय पोहोचत होतं. शेवटी अन्नामुळे नाही, तर बसायला-पडायला जागा नाही आणि देहधर्माची सोय नाही यामुळे ते बाहेर पडले. पाय सुजून गेले होते.

या वेळी सरकारला आपल्या हाती कोण आलंय ते कळलं होतं. देशभरातल्या वाड्यांचा नकाशा एका माणसाच्या डोक्यात होता. त्याने दहा नावं घेतली असती तरी दहा घराणी उद्ध्वस्त झाली असती. निकोलसला वर्षानुवर्षांच्या अवजड कामामुळे अंतर्गळ झाला होता, आणि अशा माणसाचा छळ करायला तेव्हाचा कायदाही मनाई करत होता. टॉवरमधल्या लोकांनी पोटावर लोखंडी पट्टा आवळला आणि मनगटांनी टांगून पायांना वजनं बांधली. दिवसामागून दिवस हेच. नोंदवलेल्या जबान्यांत सरकारला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींपलीकडे काही नाही. एकाही घरातलं एकही लपण त्याने दाखवलं नाही. १ आणि २ मार्चच्या दरम्यान केव्हातरी त्याची आतडी बाहेर आली आणि तो गेला. त्याने सुरीने आत्महत्या केली असं सरकारने जाहीर केलं. ज्याला हात उचलवत नव्हते त्याच्याविषयी हे सांगितलं गेलं.

ओल्डकॉर्न आणि ॲशली यांना ७ एप्रिलला वूस्टरला मारलं, गार्नेट यांना ३ मे रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात. २५ ऑक्टोबर १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी इंग्लंड आणि वेल्समधल्या ज्या चाळीस हुतात्म्यांना संतपद दिलं त्यांत मार्गारेट क्लिथरो आहे, साउथवेल आहेत, निकोलस ओवेन आहे. गार्नेट यांचं नाव त्या यादीत नाही.

हुतात्म्यांच्या गोष्टी सांगताना आपण फासाच्या तख्तापाशी जास्त रेंगाळतो, आणि तिथे उच्चारलेले अखेरचे शब्द पाठ करतो. निकोलसला तख्त मिळालं नाही, समोर जमलेला लोकांचा घोळका मिळाला नाही, अखेरचं भाषण मिळालं नाही. मी त्याला इतकी जागा दिली ती त्या अठरा वर्षांतल्या रात्रींसाठी. कॅम्पियनसारखे विद्वान जेझुइट आपल्या लेखणीने इंग्लंड हलवून गेले, पण एखाद्या खेडेगावातल्या म्हातारीला मरताना धर्मगुरू भेटला, तो धर्मगुरू आदल्या छाप्यातून वाचला होता म्हणून. आणि तो वाचला, कारण कुणीतरी जिन्याखालची पायरी मापात बसवली होती.

पुढच्या भागात आपल्याला वसईहून निघायचं आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, म्हणजे जेरार्ड टॉवरमधून निसटले त्याच वर्षी, जपानमध्ये नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मारलं गेलं. त्यांत वसईत जन्मलेला ब्रदर गोन्सालो गार्सिया होता.