काखेत कळसा

३१ ऑक्टोबर २००५. अमेरिकेत त्या दिवशी हॅलोवीन असतो. पोरंटोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार हिंडतात, त्यामुळे रस्त्यावरून एखादा गोरिला चालत गेला तरी कुणी वळून बघत नाही. बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानाबाहेर त्या संध्याकाळी बातमीदार आणि कॅमेरेवाले ठाण मांडून बसले होते. सगळ्यांना एकच माणूस हवा होता. रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा एकतीस वर्षांचा जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन. त्याने त्याच दिवशी पद सोडलं होतं. तो बाहेर आला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघूनही गेला, गोरिलाचा वेष चढवून.

नोकरी सोडणाऱ्या माणसावर अख्ख्या शहराने पाळत ठेवावी, असं या नोकरीत आहे तरी काय? जनरल मॅनेजर बॅट धरत नाही. सामना चालू असताना खेळाडूंसोबत बसून इशारे करणारा मॅनेजर वेगळा, हा वेगळा. आपल्याकडे निवड समितीचा अध्यक्ष असतो, आयपीएलच्या लिलावात टेबलाशी बसून बोली लावणारा असतो, आणि पैशांचा हिशेब ठेवणारा तिसराच कुणी असतो. या तिघांना एका खुर्चीत कोंबलं की बेसबॉलचा जनरल मॅनेजर तयार होतो. कुणाला विकत घ्यायचं, कुणाची अदलाबदल करायची, कॉलेजातल्या कुठल्या पोरावर पैसे लावायचे, म्हाताऱ्या होत चाललेल्या नायकाला कधी निरोप द्यायचा, हे सगळं तो ठरवतो. हंगामात १६२ सामने. जुलैअखेरच्या सुमारास खेळाडूंच्या देवघेवीची मुदत संपते, तोवर या माणसाच्या कानाचा फोन सुटत नाही.

बॉस्टनइतकी या खुर्चीची किंमत दुसऱ्या कुठल्या शहराने मोजली नसेल. रेड सॉक्सनी १९१८मध्ये अजिंक्यपद मिळवलं आणि पुढच्याच वर्षाअखेर बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजच्या हाती विकलं. नंतर ८६ वर्षं पदरात काही पडलं नाही. लोक त्याला रूथचा शाप म्हणत. शाप म्हटलं की कुणालाच जाब द्यावा लागत नाही, म्हणून ही कथा टिकली असावी. पण १९१८च्या त्या संघाचा मॅनेजर होता एड बॅरो. गोलंदाज रूथला रोज फलंदाजीला उतरवण्यात त्याचा मोठा हात होता. यांकीजनी रूथपाठोपाठ १९२०च्या हंगामानंतर बॅरोलाही उचललं आणि कारभार त्याच्या हाती दिला. त्याच्या अमलात, १९४५पर्यंत, यांकीजनी १० अजिंक्यपदं जिंकली. मला विचाराल तर बॉस्टनला रूथपेक्षा बॅरो महागात पडला. पण कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या नावाने शाप कोण देणार?

बॉस्टनच्या कचेरीत मात्र दीर्घकाळ मर्जीचा कारभार चालला. १९३३ ते १९७६ मालक होता टॉम यॉकी. त्याचे काही जनरल मॅनेजर तर घरचेच: आधी खेळाडू, मग मॅनेजर, मग बढती. १९४५मध्ये जॅकी रॉबिन्सन फेनवेवर चाचणीला येऊन गेला, त्याला कुणी घेतलं नाही. कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेणारा रेड सॉक्स हा त्या काळचा अगदी शेवटचा संघ ठरला, तेही १९५९मध्ये.

फेब्रुवारी २००२मध्ये संघ नव्या मालकांकडे आला, कर्ज धरून सुमारे ७० कोटी डॉलरला. मुख्य मालक जॉन हेन्री. सोयाबीन पिकवणाऱ्या घरातला हा माणूस वायदेबाजारात गब्बर झाला होता. त्याची पद्धत सरळ होती: भावाच्या चढउतारांवरून नियम बसवायचे आणि मन काहीही सांगो, नियम मोडायचा नाही. त्याच्यासोबत टीव्हीचा निर्माता टॉम वर्नर, आणि अध्यक्ष म्हणून वकील लॅरी लुकीनो. १ मार्चला जनरल मॅनेजर डॅन ड्यूकेटची गच्छंती झाली. माइक पोर्टला प्रभारी नेमलं. प्रभारी माणसाची गत सगळीकडे सारखीच. काम पूर्ण करायचं, खुर्चीत अर्धंच बसायचं. संघाने त्या हंगामात ९३ सामने जिंकले, तरी पुढच्या फेरीत जागा मिळाली नाही. हंगाम संपला आणि कायमच्या माणसाचा शोध सुरू झाला.

हेन्रीच्या मनात एकच स्थळ होतं: ओकलंड अॅथलेटिक्सचा बिली बीन. २००२मध्ये ओकलंड आणि यांकीज या दोघांनीही १०३ सामने जिंकले होते. फरक इतकाच की ओकलंडच्या खेळाडूंचा एकूण पगार यांकीजच्या जेमतेम एक तृतीयांश होता. बीनने बाजारात स्वस्त पडलेले गुण हेरले होते. उदाहरणार्थ, चार चेंडू बाहेरचे पडले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. जो चेंडू सोडायला शिकला तो संघाच्या फार कामाचा, पण टाळ्या पडतात फटक्याला. म्हणून असा खेळाडू स्वस्तात मिळे. वायदेबाजारातल्या माणसाला हे लगेच कळावं यात नवल नाही.

पुढची बोलणी थेट लग्नाच्या वळणाने गेली. दुसऱ्याच्या घरचा माणूस, म्हणून आधी ओकलंडच्या मालकाची परवानगी. मग देणंघेणं. जनरल मॅनेजर सोडायचा तर बदल्यात काय देणार? मायकल लुइसच्या ‘मनीबॉल’ या पुस्तकात हा प्रसंग आहे. बीननंतर ओकलंडची धुरा त्याचा सहकारी पॉल डीपोडेस्टाकडे जाणार होती आणि त्याने बदल्यात केविन युकिलिस मागितला. युकिलिस तेव्हा बॉस्टनच्या खालच्या संघांतला एक गुबगुबीत पोरगा होता. त्याची मुख्य कला म्हणजे वॉक मिळवणं. म्हणजे बॉस्टन ज्या विद्येसाठी बीनला नेत होतं, तीच विद्या ओकलंड हुंड्यात परत मागत होतं. पाच वर्षांचे १ कोटी २५ लाख डॉलर ठरले. याद्या झाल्या. आणि एका रात्रीत मुलगा फिरला.

बीन अठरा वर्षांचा असताना, १९८०मध्ये, न्यूयॉर्क मेट्सनी त्याला पैसे दाखवले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात जाणं सोडून तो खेळाडू झाला. मोठ्या लीगमध्ये १४८ सामने खेळला, नाव काही झालं नाही. पैशासाठी घेतलेला तो एक निर्णय पुरे झाला, दुसरा घ्यायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. शिवाय मुलगी कॅलिफोर्नियात होती. नकार कळवून तो ओकलंडलाच राहिला.

आता बॉस्टनवाल्यांची पंचाईत झाली. देशभर नजर फिरवून झाली, हवा होता तो बोहल्यावरून उतरला. आणि नजर घरात गेली. लुकीनोच्या हाताखाली मार्चपासून साहाय्यक जनरल मॅनेजर म्हणून एक तरुण काम करत होता. थिओ एपस्टीन, ब्रुकलाइनमध्ये वाढलेला, म्हणजे फेनवे पार्कच्या शेजारच्याच गावात. वडील कादंबरीकार. आजोबा फिलिप आणि त्यांचे जुळे भाऊ जूलियस हे ‘कासाब्लांका’ चित्रपटाच्या पटकथेचे लेखक. पोरगा येल विद्यापीठात शिकत असताना त्याने बाल्टिमोरच्या संघाला पत्र धाडून सुट्टीतली उमेदवारी मिळवली. तिथे लुकीनो भेटला. त्याच्या मागोमाग सॅन डिएगोला गेला, संघाच्या प्रसिद्धी विभागात लागला, आणि नोकरी सांभाळून कायद्याची पदवी घेतली. २५ नोव्हेंबर २००२ला त्याची नेमणूक जाहीर झाली तेव्हा तो २८ वर्षांचा होता. तोवर एवढ्या लहान वयात हे पद कुणाला मिळालं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण इतकी चपखल बसण्याचे प्रसंग थोडे. त्याच महिन्यात संघाने बिल जेम्सलाही सल्लागार म्हणून घेतलं. हा गृहस्थ कॅन्सास राज्यातल्या डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा राखणदार असताना बेसबॉलची आकडेमोड करून पुस्तिका स्वखर्चाने छापत असे.

बीन आला असता तर काय झालं असतं, हा चघळायला चांगला विषय आहे. मी तो सोडून देतो, कारण जे झालं ते अधिक चवीचं आहे.

त्या हिवाळ्यात एपस्टीनने मोठी नावं आणली नाहीत. मिनेसोटाने डेव्हिड ऑर्टीझ नावाच्या धिप्पाड फलंदाजाला डिसेंबरात नारळ दिला होता. त्याला साडेबारा लाख डॉलरवर घेतलं, जे त्या बाजारात किरकोळच. बिल म्युलर हा शांत, गुडघ्यांनी त्रासलेला खेळाडू असाच आला. केविन मिलारची गोष्ट गमतीची. फ्लोरिडाने त्याला जपानच्या चुनिची ड्रॅगन्स संघाला विकलं होतं. असा खेळाडू देशाबाहेर जाताना कागदोपत्री एकदा सगळ्या संघांपुढून फिरवावा लागतो, आणि त्यावर हात ठेवायचा नाही असा अलिखित शिष्टाचार आहे. बॉस्टनने हात ठेवला. जपानी संघ संतापला, बाकीच्यांनी नाकं मुरडली. नियमात कुठे बसत नव्हतं, असं मात्र कुणाला म्हणता आलं नाही. मिलार बॉस्टनला आला.

२००३चा हंगाम यांकीजकडून शेवटच्या सामन्यात हरून संपला. २००४च्या ३१ जुलैला, मुदतीच्या दिवशी, एपस्टीनने नोमार गार्सियापाराला शिकागोला देऊन टाकलं. गार्सियापारा म्हणजे शहराचा लाडका. त्याच्या नावाचे शर्ट पोरासोरांच्या अंगावर. त्याच दिवशी लॉस एंजेलिसकडून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा, फक्त पळण्यात तरबेज असलेला एक राखीव खेळाडूही आला. त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

आता १७ ऑक्टोबर २००४ची रात्र. फेनवे पार्क. अंतिम फेरीआधीच्या मालिकेत यांकीज ३-० पुढे, आदल्या रात्री त्यांनी १९-८ असा धुव्वा उडवलेला. नवव्या डावात बॉस्टन ४-३ असं मागे, आणि चेंडू मारियानो रिव्हेराच्या हातात. सामन्याचा शेवटचा डाव बंद करायला त्याच्यासारखा माणूस झाला नाही. समोर मिलार. मिलारने चेंडू सोडले. चार बाहेरचे पडले, वॉक. त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्स आला. मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा आता दुसरा बेस चोरणार. रिव्हेराला तर ठाऊक होतंच. त्याने रॉबर्ट्सला हुसकायला पुन्हापुन्हा पहिल्या बेसवर चेंडू फेकला. मग फलंदाजाकडे पहिला चेंडू पडला आणि रॉबर्ट्स सुटला. हात लांबवून पोटावर घसरत गेला, केसाइतक्या अंतराने वाचला. फलंदाज होता म्युलर. त्याने चेंडू मधून सरळ बाहेर काढला, रॉबर्ट्स घरी पोचला, बरोबरी. मध्यरात्र उलटल्यावर बाराव्या डावात ऑर्टीझने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला.

मिलार, रॉबर्ट्स, म्युलर, ऑर्टीझ. जपानला निघालेला, राखीव, दुखऱ्या गुडघ्यांचा, आणि नारळ मिळालेला. जनरल मॅनेजरचं काम दिसत नाही म्हणतात. त्या रात्री ते एकामागून एक मैदानात उतरलं. बॉस्टनने पुढचे सगळे सामने जिंकले आणि २७ ऑक्टोबरला अंतिम मालिकेत सेंट लुइसला ४-० असं नमवून ८६ वर्षांचा दुष्काळ संपवला. युकिलिसही त्याच संघात होता. बीनचं लग्न मोडलं म्हणून तो हुंड्यात गेला नव्हता.

मग वर्षभरात गोरिला कशाला? कारण मालक, अध्यक्ष आणि जनरल मॅनेजर यांच्यात कुणाचा शब्द शेवटचा, हा प्रश्न २००२मध्ये कुणी सोडवलाच नव्हता. ज्या लुकीनोने एपस्टीनला हाताला धरून वर आणलं, त्याच्याशीच बिनसलं. गुरू-शिष्यांची भांडणं आपल्याला संगीतातली नि राजकारणातली माहीत आहेत; हे त्याच जातीचं. नव्या कराराचं ठरत आलं होतं, पण घरातल्या गोष्टी एका वर्तमानपत्रात येऊ लागल्या, आणि ज्या कंपनीचं ते वर्तमानपत्र तिचा संघातही हिस्सा होता.

पुढचे काही आठवडे पुन्हा शोध, पुन्हा मुलाखती. मजा अशी की खुर्ची रिकामी असतानाच, नोव्हेंबर २००५मध्ये, संघाने मोठा सौदा उरकला. फ्लोरिडाकडून जॉश बेकेट आणि माइक लोवेल आले, बदल्यात हॅन्ली रामिरेझसह काही तरुण गेले. रामिरेझ पुढे तारा झाला. बेकेट आणि लोवेल यांच्या जोरावर बॉस्टनने २००७चं अजिंक्यपद घेतलं. जनरल मॅनेजरवाचून केलेला हा सौदा चांगला की वाईट, यावर अजून वाद घालता येतो. डिसेंबरात जेड हॉयर आणि बेन चेरिंग्टन या दोघांना मिळून एक पद दिलं. जानेवारीत एपस्टीन परतला.

२०११च्या सप्टेंबरात हातातला हंगाम घालवून तो शिकागोला गेला आणि तिथेही २०१६मध्ये १०८ वर्षांनी अजिंक्यपद आणलं. बॉस्टनने चेरिंग्टनच्या हाताखाली २०१३मध्ये जिंकलं, दोन वर्षांत तो गेला. डेव्ह डोंब्रोव्स्कीने २०१८मध्ये १०८ सामने आणि अजिंक्यपद जिंकून दिलं. वर्षही पुरं झालं नाही तोच त्याला घालवलं. त्यानंतरच्या कायमच्या बॉसला, टँपा बेहून आलेल्या हाइम ब्लूमला, सगळ्यांचा आवडता मूकी बेट्स पाठवून द्यावा लागला, आणि सप्टेंबर २०२३मध्ये ब्लूमचीही पाळी आली. दरम्यान पदाचं नावही फुगलं. जनरल मॅनेजरच्या वर अध्यक्ष, मुख्य अधिकारी असे थर आले, जसे आपल्या कचेऱ्यांत उपच्या वर अतिरिक्त आणि अतिरिक्तच्या वर विशेष येतात.

२०२३च्या शोधात अनेकांनी मुलाखतीलाच यायचं टाळल्याच्या बातम्या आल्या. चार जणांचं काय झालं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. अखेर क्रेग ब्रेस्लो आला. येलमध्ये रेण्वीय जीवभौतिकी आणि जीवरसायन शिकलेला, आणि २०१३च्या बॉस्टन संघातून गोलंदाजी केलेला. पुन्हा घरातलाच. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये रेड सॉक्सच्या मालक कंपनीत एक नवा भागीदार सल्लागार म्हणून दाखल झाला. थिओ एपस्टीन. पुढच्या शोधात तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला असेल.