सल्ला पद्मिनीच्या काळातला, गाडी आजची

सकाळी गाडी पाच मिनिटं गरम करा. उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी ठेवा. घाट उतरताना न्यूट्रल टाका, पेट्रोल वाचतं. गाडी घेतलेल्या प्रत्येकाने हे सल्ले ऐकलेले असतात, आणि देणाऱ्याच्या मनात आपलं भलंच असतं. यातल्या बऱ्याच सल्ल्यांना एकेकाळी आधारही होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमिअर पद्मिनी, ॲम्बॅसॅडर, सुरुवातीची मारुती ८०० या गाड्या चालवणाऱ्या पिढीने ते अनुभवातून कमावले होते. पुढे कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला. सल्ले मात्र तसेच पुढच्या पिढीच्या हाती आले.

मला गाड्या मनापासून आवडतात. म्हणूनच एखादी चांगली, धडधाकट गाडी निव्वळ ऐकीव गोष्टींपायी खराब होताना पाहवत नाही. नेहमी कानावर येणारे काही गैरसमज आणि त्यामागची वस्तुस्थिती इथे मांडतो.

गैरसमज: सकाळी गाडी पाच-दहा मिनिटं सुरू ठेवून गरम करावी.

वस्तुस्थिती: कार्ब्युरेटरच्या गाडीला थंड इंजिनात हवा-पेट्रोलचं प्रमाण नीट साधत नसे. चोक ओढायचा आणि थांबायचं, याला पर्याय नव्हता. आज हवेचं आणि कूलंटचं तापमान मोजून इंजिनाचा संगणक किती इंधन सोडायचं ते स्वतः ठरवतो. उलट उभ्या गाडीचं इंजिन फार सावकाश तापतं. तोवर त्यात जादा इंधन जात राहतं आणि त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन खाली उतरतं.

गाडी सुरू करा, सीटबेल्ट लावा, आरसे पाहा आणि निघा. एवढं अर्धं मिनिट पुरतं. पहिले दोन-तीन किलोमीटर मात्र इंजिन ताणू नका. टर्बो गाडी असेल तर एक काळजी शेवटी घ्या. घाट चढून किंवा हायवेवर जोरात येऊन धाब्यावर थांबलात, तर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा, म्हणजे तापलेल्या टर्बोला थंड व्हायला ऑईल मिळतं.

गैरसमज: उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो.

वस्तुस्थिती: हा यादीतला सर्वांत घातक गैरसमज आहे. टायर तापतो तो मुख्यतः त्याच्या भिंती वाकल्यामुळे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. या सततच्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, रबर आणि आतले धागे सुटू लागतात आणि टायर फाटतो. धावताना हवा तापून दाब काही पीएसआयने वाढतो, हे टायर बनवणाऱ्यांनी हिशेबात धरलेलंच असतं.

शहरातल्या चाळीसच्या वेगात ही चूक खपून जाते. पण मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावर गाडी ताशी १२०च्या मर्यादेपर्यंत तासन्‌तास धावते. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान आणि टायरमध्ये हवा कमी, हे सगळं एकत्र आलं की टायर धोक्यात आलाच.

किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पूर्ण भार असताना किती, तेही तिथेच असतं. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. लांब पल्ल्याच्या प्रवासात मध्येच तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. स्टेपनीही तपासून घ्या.

टायरचं वयही पाहा. भिंतीवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायलाच हवा.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरल्याने नुकसान नाही, पण नियमित हवा तपासण्याला तो पर्याय नाही.

गैरसमज: घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंधन वाचतं.

वस्तुस्थिती: आजच्या गाडीत नेमकं उलटं घडतं. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक इंधन पूर्ण तोडतो आणि चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रल टाकलात, तर इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावं लागतं. बचतीसाठी केलेल्या युक्तीने खर्चच वाढतो.

खरी किंमत मात्र ब्रेक मोजतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव संपतो आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. बोरघाट किंवा ताम्हिणी उतरताना ब्रेक दाबून धरला की डिस्क आणि पॅड तापतात, ती उष्णता ब्रेक फ्लुइडपर्यंत पोहोचते. हे फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ प्रतीचं ताजं फ्लुइड किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ते उकळलं की नळ्यांमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला जातं पण गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक फ्लुइड मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत बदला, ब्रेक चांगले लागत असले तरीही.

इंजिन बंद करून घाट उतरणं तर निव्वळ जिवाशी खेळ आहे. ब्रेकला जोर देणारा बूस्टर एक-दोन दाबांत रिकामा होतो आणि स्टिअरिंग जड होतं. ज्या गियरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गियरमध्ये उतरायचं, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम. तो आजही शंभर टक्के खरा आहे.

गैरसमज: आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? रेडिएटरला साधं पाणी चालतं.

वस्तुस्थिती: गोठण्यापासून बचाव हे कूलंटचं एक काम. आपल्याला त्याची दुसरी दोन कामं हवी असतात. ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि आतल्या ॲल्युमिनियमला गंजू देत नाही. बोअरवेलचं जड पाणी घातलं तर त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि एक दिवस भर ट्रॅफिकमध्ये काटा लाल रेषेकडे जातो. वाटेत अडचण आली तर स्वच्छ पाणी घालून गॅरेज गाठायला हरकत नाही, पण नंतर सगळं काढून योग्य कूलंट भरून घ्या. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांहून गरम झालेलं पाणी असू शकतं. झाकण सैल होताच त्याची वाफ उसळून तोंडावर येते.

गैरसमज: ऑईल काळं झालं म्हणजे संपलं. आणि गाडी कमी चालली तर ऑईल बदलायची गरज नाही.

वस्तुस्थिती: चांगल्या ऑईलमध्ये काजळी धरून ठेवणारी रसायनं असतात. डिझेल गाडीचं ऑईल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं, कारण ते आपलं काम करत असतं. रंगावरून निर्णय घेऊ नका.

कमी चालणाऱ्या गाडीची काळजी उलट जास्त घ्यावी लागते. रोज दोन किलोमीटरवर जाऊन परत येणारं इंजिन नीट तापतच नाही. आतला ओलावा आणि न जळलेलं इंधन ऑईलमध्ये मिसळत राहतं. म्हणूनच बहुतेक कंपन्या किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे देतात, उदाहरणार्थ १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. यातलं जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. ‘जाड ऑईल घाला, इंजिन टिकेल’ हेही ऐकू नका. नव्या इंजिनांचे ऑईलचे मार्ग अरुंद असतात आणि पातळ ऑईल तिथे चटकन पोहोचतं. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच घाला.

गैरसमज: महाग पेट्रोल टाकलं की एव्हरेज आणि ताकद वाढते.

वस्तुस्थिती: ऑक्टेन हे इंधनातल्या ताकदीचं माप नाही. दाबाखाली इंधन वेळेआधी पेटू न देण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ज्या इंजिनाला जास्त ऑक्टेन लागतं, त्यालाच त्याचा फायदा मिळतो. आपल्या गाडीला किती लागतं, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

एव्हरेज घटल्याची तक्रार आज बरेच जण करतात, त्यात इथेनॉलचा वाटा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिश्रणामुळे एव्हरेज त्यासाठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के घटतं, असा केंद्र सरकारचाच खुलासा आहे. एप्रिल २०२३ आधीची गाडी असेल, तर सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाचे रबरी पाइप आणि सील आवर्जून पाहायला सांगा.

गैरसमज: पाण्यात गाडी बंद पडली तर लगेच सेल्फ मारून बाहेर काढावी.

वस्तुस्थिती: असं केल्यानेच इंजिनं मरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा टोकाचा पाऊस नको, एखादा तुंबलेला सबवेसुद्धा पुरतो.

इंजिन हवा ओढतं ती बहुतेक गाड्यांत जाळीच्या मागच्या, हेडलाइटजवळच्या नळीतून. पुढच्या ट्रकची लाट तिथवर आली की हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पिस्टन वर येताना हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. त्या क्षणी पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून इंजिनाचा ब्लॉकच फोडतो. गाडी आपोआप बंद पडली तेव्हा कदाचित फारसं बिघडलेलं नसतं. आपण सेल्फ मारतो आणि नुकसान पुरं करतो.

अशा वेळी चावी बंद करा, माणसं सुरक्षित जागी न्या, गाडी टो करून गॅरेजला पाठवा. तिथे स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढतात, ऑईल आणि एअर फिल्टर बदलतात. एवढ्यावर अनेकदा निभावतं. विम्याचंही लक्षात असू द्या. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाण्यात सेल्फ मारून इंजिन फुटलं तर कंपन्या सहसा दावा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची जोड लागते. पावसाळ्याआधी पॉलिसी वाचून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीला एक रुपयाही मिळत नाही.

गैरसमज: बाहेर काम केलं की वॉरंटी संपली.

वस्तुस्थिती: भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. ग्राहक स्वतंत्र गॅरेजमध्ये गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असं त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. माझा सल्ला व्यवहाराचा आहे. वॉरंटीच्या काळात ठरलेली सर्व्हिसिंग कंपनीच्या केंद्रातच करा. टायर, बॅटरी, पंक्चर, वायपर यांसाठी भरवशाचा माणूस शोधा आणि प्रत्येक बिल जपून ठेवा.

गैरसमज: डिझेल गाडी कोणालाही परवडते.

वस्तुस्थिती: एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला त्याला सलग, मोकळ्या रस्त्यावरचा प्रवास लागतो. रोज फक्त घर ते ऑफिस अशी तुमची धाव असेल, तर तो तुंबतो आणि दुरुस्ती महाग पडते. तुम्ही पेट्रोल किंवा सीएनजी घ्या.

गैरसमज: १५ वर्षं झाली की गाडी भंगारात.

वस्तुस्थिती: हा समज दिल्लीच्या निर्बंधांवरून पसरला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. आरटीओत तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवता येते. नीट सांभाळलेली गाडी विकण्याची घाई करू नका.

या सगळ्याचं सार एकाच पुस्तकात आहे, आणि ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेलं पडून असतं. ओनर्स मॅन्युअलमधला देखभालीचा तक्ता वाचा. त्यात धूळ, ट्रॅफिक, छोटे पल्ले अशा कठीण वापरासाठी अनेकदा वेगळा रकाना असतो. आपल्यापैकी बहुतेकांचा वापर त्याच रकान्यात बसतो. पुढच्या सर्व्हिसिंगला जाताना तो तक्ता सोबत न्या. इंजिन फ्लश, डिकार्बनायझिंग अशी जी कामं तुमच्यासमोर ठेवली जातील, ती त्यात आहेत का ते पाहा. नसतील तर कोणत्या भागासाठी आणि का, हे दोन प्रश्न विचारा. ज्याला गाडी कळते तो मेकॅनिक आनंदाने समजावून सांगेल, आणि अशाच माणसाच्या हाती आपली गाडी द्यावी.