जोर दंडात नाही, पायात!

संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला की आमच्या शेंदूरजनाघाटच्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांची रीघ लागते. परवा तर एकाच घरचे दोघे आले. वडिलांच्या कमरेत ट्रकवर क्रेट चढवताना उसण भरली होती, मुलाच्या कमरेत टेनिस बॉलच्या सामन्यात षटकार मारताना. कामे वेगळी, पण चूक एकच. दोघांचेही पाय जमिनीला खिळलेले आणि पीळ सगळा कमरेला!

कमरेचे पाच मणके पुढे-मागे चांगले वाकतात. पिळण्याची मुभा मात्र त्यांना फार थोडी. शरीर वळते ते मुख्यतः खुब्यात आणि छातीच्या मणक्यांत. पाऊल जागचे हलले नाही, तर खुबा पुरता वळत नाही आणि उरलेला ताण कमरेवर व गुडघ्यावर येतो. मग स्नायू आखडतो, कधी मणक्यांमधली गादी सरकते.

गोल्फ आपल्याला टीव्हीवरच दिसतो, पण हा धडा घ्यायला तो उत्तम. उजव्या हाताचा खेळाडू काठी मागे नेताना भार उजव्या पायावर घेतो. अमेरिकेचे जॅक निकलस त्या वेळी डावी टाच चक्क उचलत. त्यामुळे खुबा मोकळा वळतो. मग ती टाच टेकवून भार डाव्या पायावर आणायचा. मागोमाग खुबे, खांदे आणि सर्वांत शेवटी हात. फटका संपताना उजवी टाच वर. निकलस यांनी १९८६ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, मास्टर्स स्पर्धा जिंकली.

आपल्याला हे नवे नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. लाठी शिकणाऱ्याला विचारा, आधी पवित्रा, मग वार!

घरी करून पाहा. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा, खांद्यांवर आडवी काठी धरा. उजवीकडे वळताना डावी टाच उचला, डावीकडे वळताना उजवी. सावकाश, दहा-दहा वेळा. वयस्कांनी काठीऐवजी भिंतीला हात टेकवून करावे. क्रेट द्यायचे असेल तर ते पोटाशी धरून पाऊल टाकूनच वळा. कुऱ्हाड चालवताना भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर येऊ द्या. सैल चप्पल घालू नका.

मात्र कळ पायात उतरत असेल, पाय बधिर किंवा लुळा वाटत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. कंबर चोळून घेण्यात वेळ दवडू नका.

त्या बापलेकांना मी गोळ्या पाच दिवसांच्याच दिल्या. टाच उचलायची सवय मात्र जन्मभराची सांगितली आहे.